तरवडावरच्या पिशव्या

॥ श्री महावीराय नमः ॥

बोदवड,
सोमवार, ता. ७ सप्टेंबर १९७०

चि. प्रकाशचंद यास,

तू पाठवलेली ट्रंक शनिवारी दुपारच्या गाडीनं पोचली. कुलूप शाबूत, एका कोपऱ्याला पोचा आलाय. आत निघालं ते असं: मोतिया रंगाची साडी एक, लाल काठाची, दुकानाची चिठ्ठी तशीच राहिली होती, अठ्ठेचाळीस रुपये, एवढी भारी घ्यायची काही गरज नव्हती. खण एक. सासूजींना पांढरं लुगडं. खडीसाखर एक किलो. पुडीत मुंग्या होत्या, त्या झटकून अंगणात सोडल्या. केशराची डबी. पारण्यासाठी चांदीची वाटी आणि चमचा. लाकडी पेटी एक, वर काच. रेल्वेचं भाडं तू भरलेलंच होतं, स्टेशनवरून घरापर्यंत हमाली आठ आणे मी दिली. सगळं वहीत उतरवून घेतलं आहे. पेटीपुढचा किमतीचा रकाना तेवढा कोरा ठेवला.

इथलं म्हणशील तर पाऊस बेताचा. कपाशी गुडघ्याला लागली आहे. यांना दुकानातून मान वर करायला फुरसत नाही. सासूजींचे पाय दुखतात, पण साध्वींच्या प्रवचनाला स्थानकात जायचं त्या चुकवत नाहीत. पर्युषण चांगलं पार पडलं. माझी अठाई झाली, आठही दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. मध्ये एकदा चक्कर आली, नंतर त्रास नाही. सुमनला सांग, साडीचा रंग सगळ्यांना आवडला.

हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण सासूजींना ही लिपी वाचता येत नाही. आपण दोघं धुळ्याच्या एकाच मराठी शाळेत शिकलो त्याचा एवढा तरी उपयोग.

आता पेटीचं.

तुला विसर पडला असेल म्हणून लिहिते. तप करणाऱ्या बाईच्या माहेरची ट्रंक आपल्यात एकटीनं खोलीत बसून उघडायची नसते. पारण्याच्या सकाळी ओसरीवर बायका जमतात, गाणी म्हणतात, आणि त्यांच्यासमोर सासू ती उघडते. माहेरानं काय केलं ते गावानं बघायचं असतं. भाऊ आला असेल तर तो आपल्या हातानं मुगाच्या पाण्याचा पहिला घोट पाजतो. तुझ्याकडे पुण्याहून कोणी मोठे साहेब येणार होते, म्हणून तू आला नाहीस, ट्रंक आली. ठीक आहे. मी कुणाला काही बोलले नाही. भावाचं काम मोठं आहे, असंच सांगितलं.

तर काल सकाळी ओसरी भरली होती. सासूजींनी साडी माझ्या खांद्यावर टाकली. वाटी-चमचा सगळ्यांच्या हातातून फिरला. मग गवतात गुंडाळलेली पेटी निघाली. ऊन नेमकं काचेवर पडलं आणि आत ओळीनं सोन्याचांदीचे ठिपके चमकले. आमच्या शेजारच्या मोहनबाई गाणं अर्धं सोडून ओरडल्या, "अगं बाई, हिच्या भावानं चमक्या पाठवल्या! नाकातल्या! आणि किती त्या!"

"मास्तरच्या पगारात?" मागून कोणीतरी म्हणालं.

"मास्तर नाही, प्रोफेसर आहे तो," मी म्हटलं.

तेवढ्यात मला खालची चिठ्ठी दिसली. बारीक इंग्रजी अक्षरात टाइप केलेली. बोदवड, तरवड, आणि खाली राजकुंवर दीपचंद. खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटनंतर माझं नाव कुठं छापलेलं मी पाहिलंच नव्हतं. या घरात मी बीनणी आहे, दुकानातल्या माणसांची शेठाणी आहे, मुलांची बाई आहे. मी पेटी उचलली, बायकांसमोर धरली आणि म्हणाले, "बघा, यावर माझं नाव आहे." हे मी म्हणाले. दुसऱ्या कुणी नाही.

सासूजींनी चष्मा लावला आणि काचेला नाक टेकवलं. बराच वेळ पाहिलं.

"बीनणी," त्या म्हणाल्या, "इणां रै तो पांखां है."

पंख आहेत म्हटल्यावर सगळ्याच वाकल्या. केसासारख्या बारीक टाचण्या. प्रत्येक टाचणीवर तिळाएवढा एक जीव, पंख ताणून दोन्हीकडे पसरलेले. मोहनबाईंनी पदर तोंडाला लावला. एकीनं आपल्या पोरीला दंडाला धरून मागं ओढलं. गाणं कुठल्या ओळीवर थांबलं ते मला आत्ताही आठवत नाही, पण त्यानंतर ते कुणी पुढं म्हटलं नाही.

आणि त्याच वेळी चातुर्मासाला इथं राहिलेल्या साध्वी, महासतीजी, गोचरीला आल्या. पारण्याआधी त्यांच्या पात्रात आपल्या हातानं अन्न वाढायचं, मग आपण तोंडात काही घ्यायचं, हे तरी तुला आठवत असेल. आठ दिवस मी त्याच घटकेची वाट पाहिली होती. त्यांनी उंबऱ्यापाशी उभं राहून ओसरीवर पाहिलं. पेटी माझ्या हातातच होती. पात्र झाकलं आणि उंबऱ्यावरून परत गेल्या.

बायका एक एक करून उठल्या. कुणी वाईट बोललं नाही. वाईट बोलल्या असत्या तर मला काही उत्तर देता आलं असतं. भांडी घासायला येते ती झुंबरबाई तेवढी उरली. ती एरंडोलकडची, तिच्या बोलीतच बोलते. पेटीकडे बघून म्हणाली, "तू वाढाडात, आन् त्यानी टोची टाकात, व्हय ना माय?"

होय म्हटलं. मी वाढवले आणि तू टोचून ठेवलेस, यापेक्षा जास्त त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तुझं पत्र पेटीच्या खाली होतं. ते दुपारी वाचलं.

प्रकाश, दोन वर्षांपूर्वी तू राखीला आला होतास. परसातल्या कुंपणाला जो तरवड आहे, त्याच्यापाशी दात घासत उभा होतास. मला हाक मारलीस. "जीजी, हे पान बघ. आत बसून कोणीतरी रेघ ओढतंय." पानाच्या वरच्या कातड्याखाली पांढरी वाकडीतिकडी रेघ होती. सुरुवातीला दोऱ्याएवढी, पुढं पुढं रुंद होत गेलेली. उन्हाकडे धरल्यावर रेघेच्या टोकाशी ती दिसली, पिवळट, चपटी, हलणारी. लिंबाच्या पानात नागअळी असते ती मला माहीत होती. यांच्या दुकानात शेतकरी रोज तिचं नाव घेऊन येतात. पण तू म्हणालास, लिंबावरची वेगळी आणि ही वेगळी. हिची रेघ स्वतःभोवती गोल फिरते. हिचा पतंग अजून कुणी पाहिलेला नाही, पुस्तकात नाही. आणि पान तोडायला हात घातलास. मी तुझं मनगट धरलं. राखीचा आदला दिवस, चौदस होती.

"आज हिरवं तोडू नकोस."

"जीजी, पानाला पण चौदस?"

"पानाला नाही. तुझ्या हाताला."

किती हसलास. मीही हसले.

मग तू इतर दिवशी पानं नेलीस, बाटल्यांत ठेवलीस, आणि तुझं पत्र आलं की सगळी मेली. तोडलेलं पान एक तर वाळतं, नाही तर बाटलीत बुरशी धरतं. अळी आतच अडकते, तिला दुसऱ्या पानात जाता येत नाही. एक पान हेच तिचं घर आणि तेच अन्न. तू लिहिलंस, जीजी, तुझ्याकडे काही जमलं तर बघ.

माझ्याकडे जमलं ते का जमलं, याचा तू कधी विचार केलास का? काल दिवसभर मी तोच केला. जमलं ते मी पान तोडलं नाही म्हणून. अष्टमी-चौदसला मी हिरव्याला हात लावत नाही, चातुर्मासात तर घरात पालेभाजी येत नाही. मग पान झाडावरच ठेवून अळीला कसं सांभाळायचं? मी फांदीलाच पिशवी घातली. तलम मलमलीची, चार बाजूंनी लाल दोऱ्यानं शिवलेली, तोंडाला नाडी. फांदी हिरवी राहायची, पान जिवंत राहायचं, अळी आपली आत रेघ ओढत राहायची. रेघेच्या मधोमध तिच्या घाणीची काळी ओळ असते, ती ओली दिसली की समजायचं जिवंत आहे, सुकली की संपलं. वाढली की ती पान फोडून बाहेर येई आणि पिशवीच्याच कापडाला चिकटून तांदळाच्या कणीएवढा पांढरा कोश करी. हे सगळं मी तुला पत्रांतून कळवत होते. मुंग्या चढू नयेत म्हणून बुंध्याला राखेचं आळं करत होते. पाऊस लागला की पिशव्या अलगद झटकत होते. झुंबरबाई तेव्हा हसायची. "लोके गाय पाळतस, तू किडा पाळस!"

कोश पिशवीला चिकटलेले, म्हणून मी पिशवीच सोडून डब्यात घालायची, आणि दुकानाच्या मालाला धुळ्याला जाणारा झुलाल तो डबा तुझ्या हाती द्यायचा. एकदा मात्र मी एक कोश ठेवून घेतला. पहाटे पाहिलं तर पतंग निघालेला. चांदीचा अंगरखा, त्यावर सोन्याचे पट्टे, पंखांना झालर. पुढचे पाय रोवून, डोकं उंच करून बसला होता, सामायिकाच्या ध्यानाला ताठ बसतात तसा. मी नवकार म्हटला आणि पिशवी सोडली. तुला तेही लिहिलं होतं. तू उत्तर पाठवलंस: "जीजी, पुढच्या वेळी सोडू नकोस, इकडे पाठव. मी लळिंगच्या डोंगरावर सोडीन, तिथं तरवड भरपूर आहे. बोदवडच्या एका झुडपावर ते किती दिवस निभावणार?"

मला ते पटलं. तू शिकलेला.

त्यानंतर प्रत्येक डब्यामागं तुझं पोस्टकार्ड यायचं. "तुझे पाहुणे लळिंगच्या तरवडावर सुखरूप पोचले." दर वेळी तेच वाक्य. मी ते सासूजींना वाचून दाखवायचे. स्थानकात वाचून दाखवायचे. तिथल्या म्हाताऱ्या बायकांना इतकं कौतुक की पिशव्यांना कापड कमी पडतंय म्हटल्यावर त्यांनी आपल्या जुन्या मुहपत्त्या आणून दिल्या. तोंडातल्या वाफेनंसुद्धा हवेतला जीव मरू नये म्हणून बांधायचं ते कापड, प्रकाश. मी ते धुऊन, जोडून, त्याच्या पिशव्या शिवल्या. पुण्यकर्माला लागेल, असं म्हणून दिलं होतं त्यांनी.

तुझ्या पेटीच्या तळाला पांढरं कापड लावलंय. तुला वाटलं असेल, जीजीचंच कापड, तिला बरं वाटेल. कडेला माझा लाल दोरा तसाच आहे. तो टाका मी हजारांत ओळखीन. मी तोच आधी ओळखला, पतंग नंतर.

आता तुझ्या पत्राविषयी. तू लिहितोस, "आता सांगायला हरकत नाही." कसली हरकत होती आणि ती कुणी काढली? परदेशातल्या संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी मान्य केलं की ही जात नवीन आहे, म्हणून हरकत गेली? तू लिहितोस की पंखाखालची बारीक रचना मेलेल्यावरच तपासता येते, जिवंत पतंग पाहून जात ठरत नाही. असेल. हे तू मला पहिल्या दिवशी सांगायचं होतंस. मी नाही म्हटलं असतं आणि तू दुसरीकडून कुठून तरी मिळवले असतेस. कदाचित मिळालेही नसते. मला वाटतं, ते तुला ठाऊक होतं.

तू लिहितोस, पतंगाचं आयुष्य चार-आठ दिवसांचं, ते मरणारच होते, उलट त्यांना नाव मिळालं. मरणार तर बासाही होते. म्हणून वडिलांच्या शेवटच्या आजारात आपण त्यांचं पथ्य सोडलं होतं का?

आणि तू लिहितोस, जीजाजींच्या दुकानात कीड मारायच्या पावडरीची पोती थप्पीनं लागलेली आहेत, त्यातल्या एका पोत्यानं जेवढे जीव जातात तेवढे मी जन्मात मारणार नाही. हे खोटं नाही. त्याच दुकानाच्या पैशाचं मी उकळलेलं पाणी पिते. यांना मी किती वेळा म्हटलं, ती पोती काढा, तर म्हणतात, मग शेतकरी समोरच्याच्या दुकानात जाईल. आमच्यात यावरून जे होतं ते होतं. पण यांनी मला कधी कार्डावर लिहून कळवलं नाही की पोत्यांतले जीव सुखरूप पोचले.

नावाचंही तू लिहिलंस. पुस्तकात या जातीला माझं नाव लागणार. राजकुंवरच्या नावाचा पतंग जगभर ओळखला जाईल. सुमन म्हणाली, जीजींना आनंद होईल. सुमनला मी दोष देत नाही, ती दुसऱ्या घरातून आली. तू माझ्याच आईच्या पोटचा. बासा रोज सकाळी मुंग्यांच्या वारुळाला पीठ घालायला तुला खांद्यावर बसवून नेत. तू अभ्यासाला बसलास की कंदिलावर पिठाची चाळणी उपडी घालायचास, किडे काचेवर येऊन भाजू नयेत म्हणून. अक्षर दिसायचं नाही, बासा ओरडायचे, "डोळे घालवशील!" आणि तू म्हणायचास, "मला दिसतंय." ती चाळणी माझ्याकडे आहे. लग्नात आईनं दिली. अजून तिनंच पीठ चाळते.

ते नाव काढून टाकता येत असेल तर काढ. येत नसेल तर मला त्याविषयी पुन्हा काही लिहू नकोस.

संध्याकाळी मी स्थानकात गेले. सासूजी म्हणाल्या, "मती जा, लोग कांई कहसी." लोक काय म्हणतील ते मला सकाळीच कळलं होतं, म्हणून गेले. महासतीजींसमोर हात जोडून सगळं सांगितलं. पिशव्या, डबे, कार्डं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुमच्या घरावरून मी परतले नाही, राजकुंवरबाई," त्या म्हणाल्या. "त्या पेटीवरून परतले. उद्या येईन. पारणं करून घ्या."

"घशाखाली उतरणार नाही, महाराजसा."

"आठ दिवसांचा उपास होता, तो तप होता. आता धरताय तो राग आहे. रागानं धरलेल्या उपासाला तप म्हणत नाहीत. स्वतःच्या देहातल्या जिवाचीही हिंसा असते, बाई."

मी मान हलवली. पटलं होतं. घरी आले. चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी सासूजींनी पुढं केलं. वाटी ओठापर्यंत आली आणि मला ती पहाट आठवली, ताठ बसलेला तो पतंग, पंखांची झालर हलवणारा. वाटी खाली ठेवली.

आज सकाळीही ठेवली.

हे मला तुला लिहायचं नव्हतं. तुला वाटेल मी तुझ्या छातीवर बसते आहे. बसतेच आहे बहुतेक. यांनी काल खूप विनवलं, मग रागावले, मग म्हणाले, "धुळ्याला तार करू? नाही तर कॉलेजात टेलिफोन करतो, त्याला बोलावून घेतो." मी नको म्हटलं. तारेत खोटं कमी शब्दांत बसतं. टेलिफोनवर तू रडशील आणि मी विरघळेन, लहानपणापासूनचं आहे ते. मला तुझ्या हातचं लिहिलेलं हवं.

कारण एक डबा अजून तुझ्याकडे आहे.

पर्युषण बसायच्या आधी झुलालबरोबर शेवटचा डबा पाठवला होता. त्यातले कोश अगदी ताजे होते. माझ्या हिशेबानं या आठवड्यात ते फुटायला हवेत, काही आज-उद्याच. झुलालला विचारलं, तो म्हणतो, "साहेबांनी डबा टेबलावर ठेवला, लई खूश झाले, म्हणाले यावेळी भरपूर आहेत." तुझ्या पत्रात शेवटी आहे, तज्ज्ञांना आणखी नमुने पाहिजेत. ते तू कुठून देणार आहेस ते मला समजलं.

देऊ नकोस.

मी तुझ्याकडे पहिल्यांदाच काही मागते आहे. मला वाटतं नाही का, तुझी पदवी, तुझं नाव, तुझं भलं व्हावं? तू पास झालास तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. मला पुढं शिकायचं होतं, बासांनी बोदवडचं स्थळ आणलं, तुझी फी भरली, त्यावर आजवर मी अक्षर काढलं नाही आणि आजही काढणार नाही. त्याचं मी काही मागत नाही. त्या डब्यातले तेवढे मागते. तो डबा घे, कुणाच्या हाती न देता स्वतः लळिंगला जा. चढ आहे, तुला दम लागतो, हळू जा. तरवड बघून पिशव्या तिथं ठेव आणि तोंडाच्या नाड्या सोड. उडायचे ते उडतील. पाखरं खातील त्यांना खातील. त्यात तुझा हात नसावा, माझा नसावा, एवढंच.

इथल्या तरवडावरच्या पिशव्या मी आज सकाळी सोडल्या. बऱ्याच पानांत अजून रेघा चालू आहेत. सोडल्यावर थोड्या वेळानं चिमण्या आल्या आणि दोन-तीन पानं टोचून गेल्या. मी ओसरीवरून बघत होते. हाकललं नाही. राखेचं आळंही मोडून टाकलं. मुहपत्त्या धुऊन वाळत घातल्या आहेत. ज्यांच्या त्यांना परत करायला जायचं आहे, आणि काय सांगून द्यायच्या ते अजून सुचलेलं नाही.

तुझी पेटी मी टाकली नाही. टाकायची कुठं? गवतात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. साडी घडी मोडलेली नाही. ती परत पाठवत नाही, सुमनचा अपमान होईल, पण नेसणारही नाही.

आणखी एक. संवत्सरीनंतरची खमतखामण्याची छापील कार्डं यांनी जळगावहून आणली आहेत. वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलं असेल तर क्षमा असावी, खाली दोघांची नावं. दरवर्षीप्रमाणे सगळ्या व्यापाऱ्यांना, आडत्यांना, सोयऱ्यांना जातील. यादीत तुझंही नाव आहे, ते मी खोडलं नाही, कारण मग दुकानातला मुनीम विचारेल. ते कार्ड तुला मिळेल. त्यावर माझं नाव आहे, पण ते प्रेसवाल्यानं छापलेलं आहे. ती माझी क्षमा समजू नकोस. काल प्रतिक्रमणाला बसले, चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या सगळ्या जिवांची क्षमा मागितली, सगळ्यांना दिली, आणि तुझ्याशी येऊन जीभ थांबली. इतक्या मोठ्या सृष्टीत नेमका तूच उरावास.

यांची कुरकुर चालली आहे, पत्र टपालपेटीत टाकायला दुकानातला माणूस दाराशी उभा आहे. पोस्टमन इथं अकराच्या सुमारास येतो. लळिंगला गेलास का, डब्यातले किती जिवंत होते, किती उडाले, ते उलट टपाली कळव. कार्डावर लिहिलंस तरी चालेल, सगळ्या गावानं वाचलं तरी चालेल. आणि एकही उरला नसेल, आधीच टोचून झाले असतील, तर तसं लिही. सुखरूप पोचले, एवढं तेवढं लिहू नकोस. खरं असेल ते आलं की मी वाटी उचलीन, मग ते काही का असेना.

आशीर्वादाची आणि क्षमेची ओळ त्यानंतरच्या पत्रात लिहीन. इथं तिच्यापुरती जागा सोडली आहे.

तुझी जीजी,
राजकुंवर